बोलणाऱ्यांनी ऐकायला कुठे जायचं? पॉडकास्टर आणि प्रत्यक्ष संमेलनं

(अहिल्यानगर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय पत्रिकेत तुम्ही वाचला असेलच. पॉडकास्ट करणाऱ्यांनी प्रत्यक्ष भरणाऱ्या परिषदांना, संमेलनांना जावं का? आता यातली गंमत बघा. या माध्यमाची सगळी मजाच अशी, की घराबाहेर पडायला नको. एक मोबाइल, एक माईक, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला टांगलेल्या दोन गोधड्या, की झाला स्टुडिओ. आणि अशा माणसाला मी सांगणार, की बाबा, माळीवाड्याला जा, एसटी पकड आणि पुण्या-मुंबईचं संमेलन गाठ. तेव्हा 'का?' हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचा आज प्रयत्न करतो.

आधी पॉडकास्ट म्हणजे काय ते

सभागृहात काही ज्येष्ठ मंडळी आहेत म्हणून दोन मिनिटं यावर. 'पॉडकास्ट' हा शब्द फार जुना नाही. २००४ साली बेन हॅमर्सली या पत्रकाराने 'गार्डियन'मधल्या एका लेखात तो वापरला. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांचा सांधा जोडून तयार झालेला. रेडिओचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागतो, चुकला तर चुकला. पॉडकास्टचा भाग मात्र इंटरनेटवर पडून असतो, आपल्याला हवा तेव्हा तो ऐकायचा.

दुसरा फरक पल्ल्याचा. आपल्याकडे 'रेडिओ नगर' हा स्नेहालय संस्थेचा सामुदायिक रेडिओ आहे. अशा सामुदायिक केंद्रांना साधारण १०० वॅट इतकीच प्रसारणशक्ती वापरायची परवानगी असते. म्हणजे आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. आपला जिल्हा तर १७ हजार चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळात राज्यात पहिला. इकडे अकोले, तिकडे जामखेड. पॉडकास्टला मात्र हद्द नाही. जामखेडच्या खोलीत बोललेलं अकोल्यात ऐकू येतं आणि अमेरिकेतही.

पण या सोयीची एक किंमत आहे. दहा किलोमीटरच्या रेडिओला आपला ऐकणारा कोण हे माहीत असतं. तो बाजारात भेटतो, 'काल काय काहीही सांगत होता हो' असं तोंडावर म्हणतो. पॉडकास्टवाल्याला कोणी भेटतच नाही. त्याच्याकडे असतो फक्त आकडा.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

समजा, जामखेडच्या एक शिक्षिका आहेत. दर आठवड्याला त्या लहान मुलांसाठी गोष्टींचा एक भाग टाकतात. पडद्यावर दिसतं, चारशे डाउनलोड. बाईंना बरं वाटतं. पण चारशे डाउनलोड म्हणजे नक्की काय?

जाहिरात क्षेत्राच्या सर्वमान्य मोजणीत भागाचा साधारण एक मिनिटाएवढा मजकूर फोनमध्ये उतरला, की एक डाउनलोड धरतात. लक्षात घ्या, 'उतरला', 'ऐकला' नव्हे. कितीतरी फोन आपोआप भाग उतरवून ठेवतात आणि मालक ते कधी उघडतही नाही. २०२३ मध्ये ॲपलने आयओएस १७ आणताना यात बदल केला. ऐकले जात नसलेले भाग आपोआप उतरवणं कमी झालं. परिणाम काय? भल्याभल्या कार्यक्रमांचे आकडे घसरले. ऐकणारे होते तेवढेच होते! ज्यांनी त्या आकड्यावर जाहिरातदाराला शब्द दिला होता, त्यांची झोप उडाली.

तेव्हा आकडा खोटा नसतो, पण तो मुका असतो. मूल गोष्ट ऐकताना कुठे हसलं, कुठे उठून गेलं, आई 'हे बंद कर' कधी म्हणाली, यातलं काही तो सांगत नाही. आणि जो बोलतो, त्याला नेमकं हेच कळायला हवं असतं.

नेवाशाचा दाखला

यावर आपल्याच जिल्ह्यातला एक दाखला देतो. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. प्रवरेच्या काठी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. 'सांगितली' हा शब्द मुद्दाम वापरतोय. ज्ञानदेव बोलत होते, सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. आमच्या या व्याख्यानाचं जे शब्दांकन होणार आहे ना, त्या परंपरेतले आपल्या भागातले आद्य पुरुष सच्चिदानंदबाबाच म्हणायचे. (हशा)

आता तो ग्रंथ वाचताना काय दिसतं? समोर माणसं बसलेली आहेत हे जागोजाग जाणवतं. ज्ञानदेव श्रोत्यांशी बोलतात, त्यांची मनधरणी करतात, नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला तर त्यांच्याकडे अवधान मागतात. एकामागून एक दृष्टांत येत राहतात. समोरच्याला उमजावं म्हणून केलेलं हे बोलणं आहे. कीर्तनातही हेच असतं. समोरचा पेंगायला लागला, की बुवा आख्यान आवरतात किंवा गजर घेतात. श्रोता बोलणाऱ्याला घडवतो, असं मी म्हणतो ते या अर्थाने.

पॉडकास्टरला ही सोय रोज मिळणार नाही, माध्यमच तसं आहे. पण वर्षातून एक-दोन वेळा तरी त्याने जिथे ऐकणारे आणि बोलणारे समोरासमोर येतात अशा ठिकाणी जावं. संमेलनाचं पहिलं मोल हे.

संमेलनात मिळतं ते कुठे मिळतं?

आता कोणी म्हणेल, 'सर, भाषणं तर नंतर यूट्यूबवर येतातच की!' येतात. आणि नुसती भाषणं ऐकायची असतील तर घरीच ऐका, भाडं वाचवा. माझं म्हणणं वेगळं आहे. संमेलनातली मिळकत व्यासपीठावर कमी आणि चहाच्या रांगेत जास्त असते. याची तीन कारणं सांगतो.

पहिलं कारण बोलण्याच्या लयीचं. २००९ मध्ये जगातल्या दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी अंतर किती, तर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास! व्हिडिओ कॉलवर आवाज पोचायला जो उशीर लागतो, त्यात ही लय तुटते. दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम थांबतात, 'तुम्ही बोला, तुम्ही बोला' चालतं. त्यामुळे कॉलवर माणूस मुद्द्याचं तेवढं बोलतो. समोरासमोर तो विषयाबाहेरचं बोलतो, आणि पुष्कळदा कामाचं तेच निघतं.

दुसरं कारण, काही गोष्टी कोणी लिहून देत नाही. जाहिरातदाराने किती पैसे दिले? करारात जुन्या भागांचे हक्क कोणाकडे गेले? २०२४ मध्ये गूगलने आपलं पॉडकास्ट ॲप बंद केलं, तेव्हा तुझे ऐकणारे तू कसे सांभाळलेस? या प्रश्नांची खरी उत्तरं शेजारी बसून जेवताना मिळतात. नवख्याने एवढं जरी शिकून घेतलं, की आपल्या कार्यक्रमाचा फीड आपल्याच ताब्यात ठेवायचा, कोणा कंपनीच्या नावावर नाही, तरी प्रवासाचे पैसे वसूल.

तिसरं कारण जरा उलटं वाटेल. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं, की नवी माहिती जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते. त्याने नोकऱ्या मिळवलेल्या लोकांना विचारलं, खबर कुणाकडून लागली? बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्यांनी दिली होती. कारण साधं आहे. जवळच्या मित्राला जे माहीत असतं, ते आपल्यालाही असतंच. संमेलन हे अशा तोंडओळखींचं कोठार असतं.

म्हणून या माध्यमातल्या लोकांनाही एकत्र यावंसं वाटलं. अमेरिकेत २०१४ मध्ये डॅलसला 'पॉडकास्ट मूव्हमेंट' ही परिषद सुरू झाली, तीही लोकवर्गणीतून. आपल्याकडे मे २०२५ मध्ये मुंबईत 'वेव्हज' शिखर परिषद झाली. तिथेच सामुदायिक रेडिओंचं आठवं राष्ट्रीय संमेलन भरलं. तळघरात बसून एकटा बोलणारा आणि गावात बसून पंचक्रोशीशी बोलणारा, दोघांचं दुखणं एकच: आपलं बोलणं पोचतंय का?

कोण आलं नाही, हेही बघा

पण मंडळी, संमेलनाचं नुसतं कौतुक करून मी खाली बसलो तर ते अर्धंच होईल.

मराठी ग्रंथकारांचं पहिलं संमेलन ११ मे १८७८ रोजी पुण्यात भरलं, न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने. आजच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचं मूळ तिथे आहे. १९९७ मध्ये सत्तरावं संमेलन आपल्या नगरला झालं, ना. सं. इनामदार अध्यक्ष होते. इथल्या काही जणांना आठवत असेल.

आता १८८५ मध्ये पुण्यात दुसरी ग्रंथकार सभा भरायची होती. महात्मा फुल्यांना निमंत्रण गेलं. त्यांनी नकार कळवला. त्या पत्राचा आशय असा, की जे लोक सामान्य माणसाचे हक्क त्याला प्रत्यक्ष व्यवहारात देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचा मेळ बसणार नाही. हे पत्र 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलं. आणि 'ज्ञानोदय' कुठे सुरू झालं होतं? १८४२ मध्ये, आपल्या अहमदनगरमध्ये!

हा इतिहास मी का सांगतोय? सभागृह भरलेलं दिसलं, की आपण समजतो सगळे आले. फुल्यांनी विचारलं ते हेच, की सगळे म्हणजे कोण? पॉडकास्टच्या परिषदेत आज हा प्रश्न तसाच उभा आहे. मुंबईचं प्रवेशशुल्क, दोन रात्रींचा मुक्काम, कामाचे बुडालेले दिवस. हे कोणाला परवडतं? मराठी म्हणजे एकच मराठी, असं मानून चाललेली चर्चा अकोल्याच्या डोंगरातली बोली, पाथर्डीच्या ऊसतोड कामगाराची बोली कुठे धरते? कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली, २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारखं ज्ञान असलेली, पण कुठल्याच सभेला न बोलावलेली किती माणसं आपल्या चौदा तालुक्यांत असतील!

म्हणून जायचंच, पण डोळे उघडे ठेवून. खोलीत कोण आहे ते बघा आणि कोण नाही तेही वहीत लिहा. ती न आलेल्यांची यादी म्हणजेच तुमच्या पुढच्या भागांची यादी.

जायचं तर कसं?

आता व्यवहाराचं बोलू. वर्षातून एकच संमेलन निवडा. कार्यक्रमपत्रिकेत मोठी नावं किती हे बघू नका, गप्पांना आणि प्रश्नांना वेळ किती ठेवलाय ते बघा. जाताना तीन प्रश्न लिहून न्या, 'मोठं कसं व्हायचं' असले नव्हे, अगदी ठोस. उदाहरणार्थ: 'माझ्या खोलीत पंख्याचा आवाज येतो, काय करू?' आपल्या कार्यक्रमाची दोन मिनिटं फोनमध्ये ठेवा आणि अनोळखी माणसाला ऐकवा. त्याचं तोंड बघा. त्याने मधेच फोनकडे नजर टाकली, ते सेकंद लक्षात ठेवा. तो धडा कुठलाच आलेख देणार नाही. आणि परत आल्यावर आठ दिवसांच्या आत, भेटलेल्यांपैकी चार जणांना फोन करा. नाहीतर ओळखी खिशातल्या कार्डांसारख्या धुण्यात जातात.

एक प्रश्न

चिठ्ठी आली आहे: 'सर, हे सगळं पटलं, पण खर्च खरंच झेपत नाही. मग काय?'

चांगला प्रश्न आहे. झेपत नसेल तर कर्ज काढून जाऊ नका. त्याऐवजी इथेच बसा. नगर तालुक्यात, राहुरीत, संगमनेरात, जिथे पाच-सहा जण असं काही करत असतील तिथे महिन्यातून एकदा जमा. ग्रंथालयाची एक खोली मागा, ती बहुधा मिळते. नियम एकच ठेवा: प्रत्येकाने आपला एक भाग सगळ्यांसमोर लावायचा आणि लावून गप्प बसायचं. समर्थन करायचं नाही. बाकीच्यांनी कुठे कंटाळा आला ते सांगायचं. आणि दर वेळी एक खुर्ची पॉडकास्ट न करणाऱ्या, नुसत्या ऐकणाऱ्या माणसासाठी ठेवायची. एखाद्या आजी, एखादा रिक्षावाला, कॉलेजातली मुलगी. खर्च चहाचा.

संमेलन म्हणजे मांडव नव्हे. बोलणारा माणूस जिथे तोंड मिटून ऐकतो, ते संमेलन. ते मुंबईत मिळालं तर मुंबईत जा, नाही मिळालं तर इथे भरवा.

मी बराच वेळ बोललो. आता तुम्ही बोला, मी ऐकतो.