अंगण हीही एक खोलीच

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर जातो. दुपारी घरात बसवत नाही. रात्री झोप लागत नाही. असे का होते? सिमेंटचा स्लॅब दिवसभर उन्हात तापतो. सूर्य मावळला की ती उष्णता तो खोलीत सोडू लागतो. मध्यरात्र झाली तरी भिंतींना हात लावून बघा, गरमच लागतील. उघड्या आभाळाखालची माती मात्र लवकर निवते. म्हणून आपले वाडवडील उन्हाळ्यात धाब्यावर नाहीतर अंगणात झोपत.

म्हणजे अंगण ही घरातली एक खोलीच झाली. पण हल्ली हाती चार पैसे आले की त्या खोलीवर काँक्रीट पडते. चिखल जातो, हे खरे. पण तेच काँक्रीट रात्री तव्यासारखे तापलेले असते. दारापुढे वाटेपुरती फरशी घाला. बाकीची माती राहू द्या.

आता सावलीचे बघू. केळीचा बागायतदार काय करतो? बागेच्या पश्चिमेला शेवरी लावतो. उन्हाळ्यातला गरम वारा तिकडून येतो आणि केळीला होरपळून टाकतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. केळीची एवढी काळजी! आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या आईच्या तोंडावर मात्र चार वाजताचे ऊन. बागेला जे केले, तेच अंगणाला करा.

चार मेढी रोवून सात-आठ फूट उंच मांडव घाला. पश्चिमेला जमिनीपर्यंत ताटी बांधा. पूर्वेची बाजू मोकळी ठेवा. वर तुराट्या पसरा. पऱ्हाट्या फुकट मिळतात, पण त्या नकोत. त्यांच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी लपून राहते आणि पुढच्या कपाशीवर येते. बांधणी घट्ट करा, नाहीतर वळवाचा पहिला वारा मांडव उचलून नेईल. मांडवाजवळ चूल नको. बिडीसुद्धा नको.

मांडवात काय ठेवायचे? आधी खाट. दोरीने विणलेल्या खाटेला खालून वारा लागतो. वर गादी टाकली की तो वारा अडतो. एक गोधडी पुरे. खाटेला लोक आता नाक मुरडतात. पण उन्हाळ्यात तिच्याएवढे सुख लोखंडी पलंगावर नाही.

आजी म्हणेल, “मला भुईवरच बरं वाटतं रे.” तिला नीट समजावून सांगा. मण्यार साप रात्री फिरतो. उंदरांच्या मागे तो घराशी येतो. भुईवर झोपलेल्या माणसाला तो चावतो, पण दंश फारसा दुखत नाही. कित्येकदा झोपलेल्याला कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात. अशा वेळी मांत्रिकाकडे घटकाभरही घालवू नका. 108 ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरचे इंजेक्शन तिथेच मिळते. हे सगळे टाळायचे तर खाटेवर झोपा. चार कोपऱ्यांना काठ्या बांधून मच्छरदाणी लावा. तिच्या कडा गोधडीखाली नीट खोचा. डास, विंचू, साप, तिन्ही बाहेर राहतील.

रांजण सावलीत, ओल्या वाळूवर ठेवा. रांजणातून पाणी पाझरते. ते वाळताना आतली उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी गार होते. संध्याकाळी सडा घातला की अंगण निवते, त्याचेही कारण हेच. सडा शिंपडण्यापुरता घाला. पाणी साचले की डास आलेच. न्हाणीचे सांडपाणी झाडाकडे वळवा.

झाड कोणते? कडूनिंब. फाल्गुनाच्या सुमारास त्याची पाने गळतात आणि ऐन उन्हात तो पुन्हा हिरवागार असतो. पावसाळा लागला की पिकल्या निंबोळ्या पडतात. त्या ताज्या असतानाच पेरा; जुनी निंबोळी सहसा उगवत नाही. जागा पश्चिमेची, भिंतीपासून चांगली 15 फूट दूर. पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून जपा.

पाच-सहा वर्षांत सावली मिळेल. आखाजीचा झोका बांधण्याजोगी फांदी व्हायला मात्र आणखी काही वर्षे लागतील. तोवर माहेरी आलेल्या लेकींना सांगून ठेवा, झोका मांडवाला बांधू नका. चार मेढींवरचा मांडव झोक्यासकट खाली येईल.