सोल्युशन म्हणजे गोंद नव्हे!

मागच्या हिवाळ्यात पी.एल.ला घरी गेलो, तर आईने दारातच बजावलं, "बेडरूमच्या बटणाला हात लावू नकोस, करंट लागतोय." त्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम. भिंतीला पोपडे, बोर्डामागे ओल. आधी मेन स्विच बंद केला, इलेक्ट्रिशियनकडून तेवढी लाइन तोडून घेतली आणि मग प्लंबरकाकांनी गिझरखालच्या चार टाइल्स फोडल्या. आत गरम पाण्याच्या पाइपचा एल्बो होता. काकांनी तो नुसता पिळला, तर सरळ हातात आला! पाइप त्यात जेमतेम अर्धा गेलेला.

बाबा म्हणाले, "इंजिनिअर व्हायला निघालायस ना? मग दोन वर्षं चाललं ते आत्ताच कसं सुटलं, सांग." व्हायवा परवडली.

पण प्रश्न चांगला होता. टाकी गच्चीवर, नळापासून साधारण १० मीटर उंच, म्हणजे दाब जवळपास १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाइपचं बाहेरून क्षेत्रफळ सुमारे २ चौ.सें.मी. म्हणजे पाणी एल्बोला ढकलतं ते अवघ्या २ किलोच्या जोराने. एवढं तर कच्चा जोडसुद्धा सहन करतो. म्हणूनच "नळ सोडून बघितला, गळत नाही" ही काही परीक्षा नव्हे. खरा शत्रू गरम पाणी. सीपीव्हीसी दर अंश सेल्सिअसला लांबीच्या सुमारे ६ ते ७ लक्षांश वाढतो. ३ मीटरचा पाइप, ४० अंशांचा फरक : ७-८ मि.मी. आमचा पाइप भिंतीत सिमेंटने गच्च बसवलेला. वाढायला जागा नाही, तेव्हा रोज सकाळी सगळा ताण त्या अर्धवट जोडावर.

आता सोल्युशनबद्दल. आपण सगळे त्याला गोंद समजतो. प्रत्यक्षात त्यातलं द्रावक (टेट्राहायड्रोफ्युरान वगैरे) पाइप आणि फिटिंग दोन्हींचा पृष्ठभाग विरघळवतं. मऊ झालेले थर एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातं आणि उरतं ते एकसंध प्लास्टिक. फिटिंगचं तोंड आत किंचित निमुळतं असतं, त्यामुळे कोरडा पाइप पूर्ण आत जात नाही, अडकतो. सोल्युशन लावल्यावरच तो तळापर्यंत जातो. आमच्याकडे तो अडकला तिथेच सोडून दिला होता.

काकांनी या वेळी माझ्याकडून करून घेतलं. पाइप काटकोनात कापला, आतली-बाहेरची कूस काढली, कड थोडी घासून उतरती केली. फडक्याने कोरडा केला. फिटिंगची खोली मोजून पाइपवर पेनने खूण केली (ही खूण फार मोलाची, जोड पूर्ण बसला की नाही ते तीच सांगते). फिटिंगमध्ये पातळ थर, पाइपवर जरा सढळ. लगेच आत दाबून पाव फेरा फिरवला आणि अर्धा मिनिट तसाच धरला, नाहीतर पाइप परत मागे सरकतो. फिटिंगमध्ये सोल्युशन ओतू नये. आत साचलं की पाइपच मऊ पडतो. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो.

डबा मात्र पाइपच्या जातीचा हवा. पांढऱ्या यूपीव्हीसीला त्याचं, सीपीव्हीसीला त्याचं. गरम पाण्यासाठी यूपीव्हीसी वापरूच नका. रंगावर जाऊ नका, पाइपवरचा छाप वाचा. पीपीआर (बहुधा हिरवा) आणि शेतातला काळा पॉलिथिन पाइप यांवर सोल्युशन चालतच नाही, कारण ते त्यात विरघळत नाहीत. पीपीआर २६० अंशांच्या मशीनवर वितळवून जोडतात. २० मि.मी.चा पाइप सुमारे ५ सेकंद तापवायचा आणि न फिरवता सरळ दाबायचा. जोड उत्तम, पण दुरुस्तीला मशीन कोपऱ्यात शिरायला हवी. काळ्या पाइपला नट आवळायचं कॉम्प्रेशन फिटिंग घरच्या घरी जमतं. पण ते उघड्यावर, हात पोचेल तिथेच.

चुडीच्या जोडाचंही तेच. प्लास्टिकच्या आतल्या चुडीत लोखंडी निपल पान्याने आवळला, की तो पाचरीसारखा काम करतो. त्या दिवशी काही होत नाही. महिन्यांनी फिटिंग उभं चिरतं. नळ लावायचा तिथे पितळी चुडीचं फिटिंग घ्या. चार पैसे जास्त जातात, जाऊ द्या. टेफ्लॉन टेप चुडी आवळायच्या दिशेने तीन-चार वेढे पुरे, सूत आणि सफेदा लोखंडासाठी ठेवा. आणि गळक्या जोडावर बाहेरून एम-सील थापणं म्हणजे रविवारी दुकान बंद असताना सोमवार गाठायची सोय, एवढंच.

आम्ही २४ तास पाणी सोडलं नाही. मग गिझर सोडवून, तोंडं बंद करून काकांनी हातपंपाने पाण्याचा दाब दिला (हवेचा कधीच नाही, फुटलं तर तुकडे उडतात) आणि आम्ही चहा घेत काटा बघत बसलो. हलला नाही. टाइल्स त्यानंतरच लावल्या. भिंत वाळायला तीन आठवडे लागले, तोवर बोर्ड बंदच होता. बाबांनी आरसीसीबीही बसवून घेतला.

आई अजूनही ते बटण लाकडी लाटण्यानेच दाबते.