कानात थेंब घालण्यापूर्वी

पाऊस सुरू झाला की दवाखान्यात कानाचे रुग्ण वाढतात. विहिरीत डुंबणारी पोरे, काडीने कान कोरणारी मोठी माणसे, सर्दीनंतर रात्रभर रडणारी बाळे. गेल्या श्रावणात एक आजी सात वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. कान चार दिवस वाहत होता. आधी लसूण घालून कढवलेले तेल झाले, मग आदल्या दिवशी शेजारणीने दिलेले थेंब. "डॉक्टर, औषध कानाचंच आहे, वाचून बघितलंय," आजी म्हणाल्या. बाटली पाहिली. वर्षभरापूर्वी उघडलेली आणि आत जेंटामायसिन. बॅटरीने कानात पाहिले तर पडद्याला भोक!

कानाच्या नळीच्या टोकाला पातळ पडदा असतो. तो शाबूत असेल तर थेंब अलीकडेच राहतात. त्याला भोक असेल तर औषध मध्यकर्णात आणि तिथून आतल्या कानापर्यंत पोचू शकते. जेंटामायसिन, निओमायसिन ही औषधे तिथल्या ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नाजूक पेशींना इजा करू शकतात. ऐकण्याच्या या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. पडदा फाटलेला असल्यास सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनचे थेंब देता येतात. पण हे ठरवायला आधी कानात पाहावे लागते.

मीही हे ठेच लागूनच शिकलो. व्यवसायाच्या सुरुवातीला, बाजाराच्या दिवशीच्या गर्दीत, एका गृहस्थांना कान न तपासताच थेंब लिहून दिले. त्यांनी त्याच चिठ्ठीवर दोन महिने बाटल्या आणल्या. आले ते भिंतीला धरून. चक्कर पुढे कमी झाली, त्या कानाचे ऐकणे मात्र परत आले नाही.

आणखी एक गैरसमज. प्रत्येक कानदुखीला थेंब लागत नाहीत. कानाची पाळी ओढल्यावर कळ येत असेल तर बहुधा बाहेरच्या नळीचा दाह असतो, तिथे थेंब उत्तम. सर्दीनंतर पडद्याच्या आत पू साठला असेल आणि पडदा शाबूत असेल, तर जंतुनाशक थेंब तिथवर पोचतच नाहीत. अशा वेळी वेदनाशामक आणि गरजेप्रमाणे पोटातून औषध द्यावे लागते.

आता थेंब घालायचे कसे ते पाहू. बाटली आधी दोन-तीन मिनिटे मुठीत धरावी. थंड थेंबांनी गरगरते. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांना कान धुताना रुग्णांना चक्कर येते हे दिसले आणि पाण्याच्या उष्णतामानाशी तिचा संबंध त्यांनी दाखवून दिला. कानातील तोलाच्या यंत्रणेवरील कामासाठी त्यांना 1914 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र बाटली गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात धरू नये.

दुखरा कान वर करून कुशीवर निजावे. बाहेर आलेला पू स्वच्छ कापसाने टिपावा, काडी वा आकडा आत घालू नये. मोठ्यांची पाळी वर आणि मागे ओढावी, तीन वर्षांच्या आतील मुलांची खाली आणि मागे. त्याने नळी सरळ होते. सांगितले तेवढेच थेंब टाकावेत, बाटलीचे टोक कानाला लावू नये. मग कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा चार-पाच वेळा हलकेच दाबावा आणि पाच मिनिटे तसेच पडून राहावे. ही पाच मिनिटेच बहुतेक जण टाळतात! औषधाची चव घशात आली तर पडद्याला भोक असण्याची शक्यता असते, थेंब थांबवून डॉक्टरांना सांगावे. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा. पोहणे बंद.

दुखणे दोन दिवसांत थांबले तरी सांगितलेले दिवस पुरे करावेत, पण त्यापुढे आपल्या मनाने चालू ठेवू नये. जंतुनाशक आणि स्टेरॉइडचे थेंब फार दिवस घातले तर कानात बुरशी धरते. खाज सुटते, आत भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा काळा-पांढरा लगदा दिसतो. त्याचे औषध वेगळे. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यावी, उघडल्याची तारीख वर लिहून ठेवावी. डोळ्यांचे काही थेंब आम्ही कधी कानासाठी देतो. कानाचे थेंब डोळ्यात मात्र कधीही घालू नयेत.

दोन-तीन दिवसांत उतार न पडल्यास पुन्हा दाखवावे. कानामागे सूज, तोंड वाकडे होणे, एकाएकी ऐकू न येणे, चक्कर किंवा खूप ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेह्यांना रात्री झोप उडवणारी कानदुखी झाली तर थेंबांवर दिवस काढू नयेत, जंतुसंसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो.

आजींच्या नातवाचे एका दिवसावरच निभावले. थेंब बदलले, महिन्याभराने भोकही बुजले. ती बाटली मी आजींसमोरच टोपलीत टाकली. त्यावर त्यांची पहिली काळजी, "आता शेजारणीला काय सांगू?"