जीभ बाहेर म्हणजे हसू नव्हे

कुत्र्यांच्या फोटोंत सर्वांत जास्त कौतुक होतं ते एकाच प्रकारच्या फोटोचं: तोंड उघडं, जीभ बाहेर, गाल कानापर्यंत ताणलेले. "बघा, कसा हसतोय!" म्हणत मालक नेमका तोच फोटो फ्रेमसाठी निवडतात. नगरच्या एप्रिल-मेमध्ये काढलेला असा फोटो समोर आला, की मी आधी जिभेचं टोक बघते. निवांत बसलेल्या कुत्र्याची जीभ दातांच्या आत किंवा जेमतेम बाहेर असते. तापलेल्या कुत्र्याची जीभ लांब लोंबते, टोकाशी पळीसारखी पसरते, ओठांचे कोपरे मागे खेचले जातात आणि गालावर सुरकुत्या उठतात. ही धाप असते. त्याला सावली आणि पाणी हवं असतं आणि आपण समोर उभं राहून "अजून एक, अजून एक" करत असतो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजाच्या गाद्यांत, त्याही नावापुरत्या. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती जीभ आणि श्वासनलिका ओली ठेवून, भराभर श्वास घेऊन. नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. ते ४१ च्या पुढे सरकलं की गाठ उष्माघाताशी आणि जिवाशी. पग, शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धाप लागूनही पुरेशी हवा मिळत नाही. उन्हाळ्यात दुपारच्या शूटसाठी पगचे मालक फोन करतात तेव्हा मी सरळ नाही म्हणते.

यावर काही जण तोडगा काढतात: "हस्कीचे केस पूर्ण उतरवून आणतो, म्हणजे गार वाटेल." असं करू नये. हस्की, पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात; वरचा राठ थर ऊन अडवतो, आतला मऊ थर विंचरून मोकळा केला की हवा खेळते. वस्तरा फिरवला की कातडी थेट उन्हात येते, आणि काहींचे केस परत पूर्वीसारखे उगवतही नाहीत. ब्रश करून आणा, तेवढं पुरे.

मग शूट करायचं कधी? "उजेड जितका भरपूर, तितका फोटो चांगला" हा समज मोबाइलवाल्यांचाच नाही, नव्या फोटोग्राफरांचाही असतो. नगर शहर साधारण १९.१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच राहते. त्या उजेडात कुत्र्याच्या भुवयांची सावली थेट डोळ्यांत पडते, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात आणि पाठ मात्र पांढरीफटक. डोळ्यांत चमक नसली तर त्या फोटोत कुत्रा असून नसल्यासारखा. शिवाय खाली डांबर. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही. म्हणून मेमध्ये सूर्योदयापासून आठपर्यंत काम आटोपायचं. जानेवारीत सूर्यच सातनंतर उगवतो, तेव्हा दहापर्यंत सवड मिळते.

"मग संध्याकाळी करू, उसाच्या कडेला, ऊन सोनेरी असतं." शहराच्या आसपास ठीक. अकोले, संगमनेर, राहुरीकडे मात्र मी मान हलवते. अकोले तालुक्यात विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून तो काय खातो याचा अभ्यास केला. वजनाच्या हिशेबात त्याच्या खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव किंवा माणसाच्या वस्तीतल्या जनावरांचा निघाला, आणि त्यात पहिला नंबर कुत्र्याचा: ३९ टक्के. शेळ्या-मेंढ्यांच्याही वर. "बिबट्या डोंगरात असतो" हे म्हणणं निदान त्या तालुक्यात खरं नाही. तो उसात राहतो आणि दिवेलागणीला निघतो. तिथं संध्याकाळचं शूट सूर्य मावळायच्या आधी संपलेलं आणि कुत्रा गाडीत बसलेला असला पाहिजे. पट्टा तर सोडायचाच नाही.

पट्ट्याचं ऐकलं की मालकांचे चेहरे पडतात. "आमचा टायगर कुठं जात नाही हो." घराच्या अंगणात जात नसेल. माळावर मेंढरांचा कळप आला, त्यामागे धनगराची राखणीची कुत्री आली, की टायगरची परीक्षा सुरू होते. बारीक, लांब पट्टा कुत्र्याच्या एकाच बाजूने धरायचा आणि नंतर संगणकावर पुसून टाकायचा. मोकळ्या माळावर उभ्या असलेल्या कुत्र्याच्या कितीतरी सुंदर फोटोंत पट्टा असतो, फक्त आपल्याला दिसत नाही.

जागेबद्दलचे गैरसमज मला सर्वांत गमतीचे वाटतात. "चांदबिबी महालावर जाऊ, मागे सगळं नगर दिसतं." पहिली गोष्ट, तो चांदबिबीचा महाल नाहीच; निजामशाहीतला मंत्री दुसरा सलाबतखान याची ती कबर आहे. दुसरी गोष्ट, ती संरक्षित वास्तू आहे, आणि संरक्षित स्मारकांसाठीच्या १९५९ च्या केंद्रीय नियमांनुसार देखभालीचं काम सोडून इतर कशासाठीही आत जनावर नेता येत नाही. भुईकोट किल्ला आणि आसपासचा लष्करी भाग इथं तर कॅमेरा काढण्याआधीच विचारावं. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळवीट अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं आहे. एक सुटलेला कुत्रा तिथं पूर्ण कळप उधळू शकतो. अभयारण्यात शिरायला आणि छायाचित्रणाला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवाना लागतो, हा एक भाग. कुत्र्यांपासून रेबीज आणि डिस्टेंपर रानातल्या जनावरांपर्यंत पोचतात, हा दुसरा. कळसूबाई, हरिश्चंद्रगडाकडेही तीच गोष्ट.

उरतं काय? भरपूर उरतं. रब्बीची ज्वारी काढल्यावरची रानं फेब्रुवारी-मार्चमध्ये अशी पिवळी होतात, की काळ्या किंवा तांबूस कुत्र्यामागे याहून चांगला पडदा मिळणार नाही. फक्त कुत्रा रानात पळवायचा नाही. तिरकी कापलेली धसकटं पंजाची गादी फाडतात. त्याला बांधावर ठेवायचं आणि रान मागे धरायचं. पावसाळा सरता सरता माळावरचं गवत कमरेएवढं होतं, फोटोत देखणं दिसतं, आणि त्यात कुसळं असतात. कुसळाचं टोक अणकुचीदार, मागे उलटे केस. एकदा शिरलं की पुढेच जातं, मागे येत नाही. बोटांच्या मधे, कानात, नाकात. शूटनंतर कुत्रा एकसारखा डोकं झटकू लागला किंवा शिंकायचा थांबेना, तर आधी कुसळ आठवावं आणि पशुवैद्य गाठावा. गोचिडी त्याच गवतात असतात, त्या वेगळ्या.

आता कॅमेरा. मुद्दाम इतक्या उशिरा आणला. "काळा कुत्रा फोटोत येतच नाही" ही तक्रार काळ्या लॅबवाल्यांची कायमची. येतो की. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो. काळा कुत्रा चौकटभर असला की मीटरला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो, कुत्रा राखाडी होतो आणि आभाळ पांढरंफटक पडतं. एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली घ्यायचं. मोबाइलवर कुत्र्यावर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं. पांढऱ्या कुत्र्याला याच्या उलट. काळ्याला कडुनिंबाच्या सावलीच्या काठावर, तोंड मोकळ्या आभाळाकडे करून बसवलं की डोळ्यांत आपोआप उजेड येतो.

महागडा कॅमेरा घेतला की झालं, असंही नाही. जनावरांचे डोळे ओळखून फोकस धरणारी सोय सोनीने २०१९ मध्ये आणली, आता बहुतेक कंपन्यांकडे आहे, आणि ती खरंच कामाची आहे. पण गुडघे टेकून खाली बसायचं काम ती सोय करत नाही. इलियट अर्विट या छायाचित्रकाराचा १९७४ चा न्यूयॉर्कमधला फोटो जगभर ओळखला जातो: टोपी घातलेला चिवावा, शेजारी बाईचे बूट आणि ग्रेट डेनचे पाय. कॅमेरा जमिनीलगत आहे म्हणून तो फोटो आहे. उभ्याने काढला असता तर रस्त्यावरची एक बाई आणि दोन कुत्री एवढंच राहिलं असतं. पळत्या कुत्र्याला शटर हजारांश सेकंद किंवा त्याहून वेगवान, बसलेल्याला अडीचशेंशही पुरे. लांब नाकाच्या कुत्र्याला अगदी जवळून, लेन्स पूर्ण उघडी ठेवून टिपलं तर डोळे धारदार येतात आणि नाक धूसर.

कुत्र्याचं लक्ष वेधायला लोक लाल चेंडू आणतात. कुत्र्याला जग काळं-पांढरं दिसतं हे खरं नाही, तसंच आपल्यासारखं दिसतं हेही नाही. १९८९ मध्ये जे नीट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या दोनच प्रकारच्या पेशी आहेत: निळा आणि पिवळा नीट कळतो, लाल-हिरवा नाही. हिरव्या गवतावरचा लाल चेंडू तो नाकानेच शोधतो. निळा आणा. आणि पिपाणी एकदाच वाजवा, बोट आधीच शटरवर ठेवून. मान तिरकी करण्याचा क्षण पहिल्या-दुसऱ्या आवाजाचा असतो, तिसऱ्याला तो तुमच्याकडे बघतही नाही.

"जातिवंत असेल तरच शूट." यावर फार बोलत नाही. टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाउंड होता. आणि गावठी कुत्र्याच्या ताठ कानांवर, तांबूस अंगावर सकाळचं ऊन जसं बसतं, तसं केसाळ अंगावर बसत नाही, असं माझं मत.

शेवटी पैशाचा मामला. "फोटो मी काढला म्हणजे हक्क माझा," असं फोटोग्राफर धरून चालतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा ग्राहक असतो. मालकाच्या मोत्याचा फोटो तुमच्या जाहिरातीत वापरायचा असेल, तर तसं आधी लिहून घ्या. कुत्रा एखाद्या मालाच्या जाहिरातपटात किंवा चित्रपटात दाखवायचा असेल तर २००१ च्या नियमांखाली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते, आणि ती चित्रीकरणाआधी घ्यायची असते. घरच्या अल्बमसाठी यातलं काहीच लागत नाही. तिथं पावतीवर दोन ओळी लिहिल्या की भागतं.