शहराची आंखणी आणि ओढ्याची वाट

शहर वाढणें हा कांहीं अपराध नव्हे. जेथें विद्या, व्यापार व चाकरी मिळते तेथें माणसें जमावयाचींच. आणि आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे आजे-पणजे कोंकणांतून अथवा देशावरील एखाद्या खेड्यांतून याच कारणानें पुण्यामुंबईस आले. तेव्हां वाढत्या शहरास दूषण देण्याचा अधिकार आपणांपैकीं फारच थोड्यांस आहे. शहरानें वाढावें कसें, एवढाच काय तो प्रश्न. आणि त्याचें उत्तर शोधतांना रस्ते व पूल यांच्याही आधीं पाण्याचा विचार केला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. पावसाचें पाणी कोठून येतें, कोठें मुरतें व कोणत्या वाटेनें नदीस मिळतें हें आधीं पाहावें, आणि मगच घरांच्या रेघा ओढाव्या.

पुण्याचेंच उदाहरण घेऊं. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरांत उगम पावतो व पर्वतीच्या बाजूनें येऊन मुठेस मिळतो. पेशवाईंत नानासाहेबांनीं त्याचा प्रवाह वळविला. परंतु वळविलेल्या पाण्यास बसावयास जागाही दिली. पर्वतीच्या पायथ्याशीं तळें झालें; कात्रज येथें पाणी अडवून तें इ. स. १७५० च्या सुमारास भुयारी नळानें शहरांत आणलें व पेठांतील हौदांत खेळविलें. त्या काळीं सर्वच उत्तम होतें असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र एक वाट बंद करणारानें दुसरी वाट द्यावी, इतका हिशेब त्या कामांत होता. पुढें पर्वतीचें तळें बुजलें व तेथें सारसबाग झाली. कित्येक हौदही नाहींसे झाले. पाण्यानें बसण्याच्या जागा एकेक करून गेल्या. ओढा मात्र राहिला.

आतां शहराची वाढ पहा. पुण्यास नगरपालिका १८५७ सालीं मिळाली व १९५० सालीं तिची महानगरपालिका झाली. २०१७ मध्यें ११ व २०२१ मध्यें २३ गांवें तिच्या हद्दींत घेण्यांत आलीं. त्यांतील दोन पुढें वगळलीं. गांव शहरांत येण्याआधींच तेथील शेतांत इमारती उभ्या राहतात. रस्ता मागून येतो, आणि सांडपाण्याचा नळ त्याहूनही मागून. मोकळ्या मातीवर पडलेल्या पावसाचा मोठा वांटा जमिनींत मुरतो व उरलेला सावकाश ओढ्याकडे जातो. तीच जमीन सिमेंटनें झांकली म्हणजे बहुतेक पाणी एकदम धांवत सुटतें; आणि ओढा तर भराव टाकून अरुंद केलेला, मोऱ्यांच्या तोंडाशीं कचरा साचलेला! पाणी मुरलें नाहीं म्हणून भाद्रपदांत पूर, आणि मुरलें नाहीं म्हणूनच वैशाखांत विहिरी कोरड्या. खडकवासला, पानशेत, वरसगांव व टेमघर या चार धरणांत मिळून सुमारें २९ अब्ज घनफूट पाणी मावतें; तरीही शहराच्या कडेच्या वस्त्यांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, याचें मर्म येथें आहे.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून जो हाहाकार झाला त्याच्या आठवणी पुण्यांत अद्यापि निघतात. परंतु २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं कोणतेंही धरण फुटलें नव्हतें. कांहीं तासांच्या पावसानें आंबिल ओढा कांठ सोडून वाहिला. अरण्येश्वर, सहकारनगर या भागांत घरांत पाणी शिरलें, भिंती कोसळल्या. शहर व जिल्हा मिळून वीसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. ओढ्याकांठच्या दाट वस्तींत माणसें हौसेनें राहत नाहींत. जीं आपल्या घरचीं धुणीभांडीं करतात, आपल्या इमारती बांधतात व रिक्षा चालवितात, त्यांस परवडेल अशी जागा आंखणींत सहसा सांपडत नाहीं. म्हणून तीं तेथें जातात. वरच्या अंगाची जमीन ज्यांनीं झांकली ते कोरडे राहतात आणि त्यांचें पाणी खालच्यांच्या उंबऱ्याआंत जातें. यांत न्याय कोठें आहे?

कायदे नाहींत असें मात्र नाहीं. मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा १९१५ सालीं झाला. सध्यांचा महाराष्ट्राचा कायदा १९६६ चा आहे. नद्यांच्या कांठीं पूररेषाही आंखल्या आहेत: पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी व शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची लाल. मग २५ जुलै २०२४ रोजीं खडकवासल्याचें पाणी सोडतांच सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत तें शिरलें कसें? आम्हीं उभें आयुष्य व्याकरण शिकविण्यांत घालविलें. तेथें सामान्य नियमास उत्सर्ग म्हणतात. अपवाद त्याहून बलवान खरा. पण तो आपल्यापुरती जागा घेतो व उरलेलें सारें क्षेत्र नियमाकडेच राहतें. नगररचनेंत आरक्षण उठविणें, सवलत देणें, अनधिकृत तें मागाहून अधिकृत करणें, हे अपवाद इतके वाढले आहेत कीं नियमास उदाहरण मिळण्याची मारामार!

हें सर्व महानगरपालिकेनें पाहावें, आपण काय करणार, असें कोणी म्हणेल. परंतु आजकाल जुने वाडे व गृहरचना संस्थांच्या इमारती पाडून नव्या उभारण्याचें काम घरोघर निघालें आहे. त्या सभांतून खोल्या किती वाढणार व मोटारी किती राहणार याची चर्चा तासन् तास चालते. शहराची आंखणी तेथेंही होत असते. अशा सभेंत आमच्या वाचकांनीं तीन प्रश्न अवश्य विचारावे. आवारांत मोकळी माती किती राहणार? गच्चीवरचें पाणी कोठें जाणार? जुन्या नकाशांत या जागेजवळून ओढा अथवा नाला जातो काय? पुण्यांत वर्षास सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे १०० चौरस मीटरांच्या गच्चीवर ७०,००० लिटर पाणी पडतें. तें गटारांत सोडावें कीं वाड्यांतील जुन्या आडांत, हें आपल्याच हातीं आहे. आणि जेथें ओढा निघेल तेथें चार खोल्या कमी पत्कराव्या, पण त्याचें पात्र चिंबटूं नये.

यज्ञयागादि कर्मांस आपल्या पूर्वजांनीं इष्ट म्हटलें, आणि विहिरी, तळीं व बागा करण्यास पूर्त. आणि हीं दोन्हीं नांवें एकत्र जोडून इष्टापूर्त असा एकच शब्द केला. नवें तळें खोदण्याची ऐपत सर्वांची नसते. असलेला ओढा वाहता ठेवण्यास मात्र ऐपत लागत नाहीं. लोभ थोडा आवरावा लागतो, इतकेंच सुचवून आम्ही हा लेख पुरा करतों.