अजिंठा चित्रांतील रंग
अजिंठा (छत्रपती संभाजीनगर जिल्हा) येथील लेण्यांच्या भित्तिचित्रांत योजिलेली रंगद्रव्ये, त्यांची हाताळणी व त्यांतून सूचित होणारा अर्थ. लेणी क्र. ९ व १० यांतील जुनी चित्रे सामान्यतः इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांतील, तर क्र. १, २, १६ व १७ यांतील चित्रे मुख्यतः वाकाटककालीन (पाचवे शतक) मानतात.

माती, वाळू व वनस्पतिज तंतू यांचा गिलावा खडकावर देऊन त्यावर चुन्याचा पातळ थर देत. तो वाळल्यावर डिंक वा सरस यांसारख्या बंधकात कालविलेले रंग लावीत. मध्ययुगीन इटलीतील भित्तिचित्रे मात्र प्रामुख्याने ओल्या चुन्यावर रंगविली जात.

तांबडी व पिवळी गेरू, हिरवी माती, काजळी आणि पांढरी माती वा चुना हे येथील मुख्य रंग. निळा रंग लाजवर्दी या खड्यापासून करीत. तो अफगाणिस्तानातील बदख्शानहून येई व उत्तरकालीन चित्रांतच आढळतो. याच खड्याच्या मौल्यवान निळ्या रंगाने इटालियन चित्रकार मेरीचे वस्त्र रंगवीत. तेथे निळा व सोनेरी हे रंग दिव्यत्वाचे संकेत ठरले. अजिंठ्यात असा ठरीव संकेत सर्वत्र दाखविता येत नाही. नाट्यशास्त्रात शृंगारास श्याम, रौद्रास रक्त, अद्भुतास पीत असे रसांचे वर्ण सांगितले आहेत. परंतु चित्रांतील प्रत्येक रंगास तो नियम लावणे योग्य नव्हे. गौर, श्याम व हिरवट कांतीच्या आकृती शेजारी योजल्याने गर्दीच्या प्रसंगांतही त्या वेगळ्या उठून दिसतात. छायाभेदाने (वर्तना) अंगास गोलाई येते, क्र. १ मधील पद्मपाणी हे याचे उत्तम उदाहरण होय.

दोन्ही परंपरांचा अभ्यास क्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्त्रीने केला. चेन्नीनो चेन्नीनी याच्या चित्रकलाविषयक इटालियन ग्रंथाचे तिचे इंग्रजी भाषांतर १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे तिने नंदलाल बोस प्रभृतींच्या साहाय्याने अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या. त्या १९१५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या.

आज दिसणारे रंग मूळचे तसेच आहेत, असे समजता येत नाही. प्रतिकृती करणाऱ्यांनी व १९२० नंतर निजाम सरकारने आणलेल्या लोरेन्झो चेकोनी व ओर्सीनी या इटालियन तज्ञांनी लाखेचे रोगण वापरले. ते कालांतराने पिवळसर पडून रंग झाकोळले. विशेषतः पांढरा व निळा यांचा मूळ भाव बदलला. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या रसायनज्ञांनी रोगण व काजळी काढण्याचे काम हाती घेतले. त्यामुळे रंगांचा अर्थ लावण्यापूर्वी मूळ द्रव्य व नंतरचा लेप यांतील भेद ओळखणे आवश्यक ठरते.