जपानी आयरिस आणि ओढ्याकाठचं पिवळं फूल

जपानी आयरिस जपानमध्ये जूनच्या सुमारास फुलतो; न्यूझीलंडमध्ये ऋतू उलटे, म्हणून साधारण डिसेंबरात. तळ्याकाठचे फोटो पाहून कुंडी वर्षभर पाण्यात ठेवू नका. वसंतापासून फुलं येईपर्यंत भरपूर पाणी द्या; जून ते ऑगस्टच्या थंडीत मात्र निचरा हवाच, नाहीतर कंद कुजतात. माती आम्लधर्मी लागते, चुना अजिबात नको.

आणि ओढ्याकाठी पिवळा आयरिस दिसला तर 'फुकट रोप मिळालं' म्हणून घरी आणू नका! तो बहुधा यलो फ्लॅग असतो. त्याच्या बिया पाण्यावर तरंगत पसरतात, कंद काठ व्यापून टाकतात. इथे तो विकायला, वाढवायला, वाटायला बंदी आहे. जपानी आयरिसमध्ये पिवळं फूल नसतंच, पाकळीच्या बुडाशी फक्त पिवळा पट्टा. गंमत म्हणजे पिवळ्या रंगासाठी जपानी लोकांनी याच तणाशी संकर करून 'आइची नो कागायाकी' हा वाण काढला.